गोल किती केले, आणि कोणावर?



जागतिक फुटबॉल स्पर्धा दर चार वर्षांनी येते, आणि ती आली की आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलमुलखातही एक जुना वाद नव्याने रंगतो. पेले मोठा की मॅराडोना? मॅराडोना मोठा की मेस्सी? ब्राझीलचा संघ थोर की जर्मनीचा? चहाच्या टपरीवर बसलेले दोन तरुण हा वाद तासभर घालतात, आणि दोघांच्याही हातात शस्त्र एकच असते, ते म्हणजे आकडे. एक म्हणतो, याने इतके गोल केले. दुसरा म्हणतो, त्याने तितके चषक जिंकले. चहा निवतो, पण वाद मिटत नाही.

आता आकडे खोटे बोलत नाहीत, असं आपण म्हणतो. ते खरंच आहे. मात्र आकड्याचा स्वभाव सरकारी कारकुनासारखा आहे. जेवढं विचाराल तेवढ्याचंच उत्तर तो देईल. न विचारलेलं आपण होऊन सांगणार नाही. तेव्हा आकड्याला प्रश्न कसे विचारावेत, एवढ्याचाच आज आपण विचार करू. हा विचार करमणुकीपुरता नाही. आपल्या शाळांतून, आश्रमशाळांतून मुलामुलींचे संघ निवडले जातात तेव्हाही असेच आकडे पुढे येतात, आणि त्यांवरून कुणाला तरी घेतात, कुणाला तरी वगळतात. आकडा नीट वाचला नाही, तर एखाद्या गुणी पोराचं वर्ष फुकट जातं.

पहिला प्रश्न अगदी सोपा. उन्हाळ्यात तेंदूपानांचा हंगाम येतो. सत्तर पानांचा एक पुडा, हा हिशेब इथल्या पोरासोरांनाही पाठ असतो. समजा, एका घरच्यांनी पंधरा दिवसांत १५०० पुडे बांधले आणि दुसऱ्या घरच्यांनी आठ दिवसांत ९६०. जास्त मजुरी पहिल्या घराला मिळाली, यात शंका नाही. पण हात कुणाचा चपळ? पहिल्या घराचे दिवसाला १०० पुडे झाले, दुसऱ्याचे १२०. म्हणजे बेरीज एक सांगते आणि भागाकार दुसरं सांगतो. दोन्ही खरे, प्रश्न मात्र वेगवेगळे.

हाच भागाकार फुटबॉलला लावून पाहा. २०२२ पर्यंतच्या जागतिक स्पर्धांत सर्वांत अधिक गोल जर्मनीच्या क्लोजेचे, १६. ते त्याने २००२ ते २०१४ अशा चार स्पर्धांतल्या २४ सामन्यांत केले. ब्राझीलच्या रोनाल्डोचे १९ सामन्यांत १५. जर्मनीच्याच गेर्ड म्युलरचे १३ सामन्यांत १४. पेलेचे १४ सामन्यांत १२. मेस्सीचे २०२२ पर्यंत २६ सामन्यांत १३, आणि मॅराडोनाचे २१ सामन्यांत ८. आणि फ्रान्सचा जुस्त फोंतेन? १९५८ साली स्वीडनमध्ये तो एकच जागतिक स्पर्धा खेळला, आणि सहा सामन्यांत त्याने १३ गोल केले. पुढे पायाच्या दुखापतीने त्याचा खेळ लवकर थांबला. बेरजेत क्लोजे पहिला. भागाकारात फोंतेन त्याच्या तिप्पट पुढे. क्लोजेचा दर सामन्याला गोलाचा वाटा ०.६७, फोंतेनचा २.१७.

संघांचेही तेच. २०२२ पर्यंत ब्राझील ११४ सामने खेळून ७६ जिंकला, जर्मनी ११२ खेळून ६८. म्हणजे ब्राझीलने दर तीन सामन्यांपैकी दोन जिंकले, आणि जर्मनीने दर पाचांपैकी तीन. चषक पाच आणि चार. इथे बेरीज आणि भागाकार एकाच बाजूने बोलतात, म्हणून वाद कमी. दोघांचे सामनेही जवळजवळ सारखेच आहेत. अशी जोडी तुलनेला चांगली.

पण भागाकार केला म्हणजे काम संपलं, असं समजू नका. दुसरा प्रश्न हंगामाचा. सिंदेवाही-ब्रह्मपुरीकडचा किंवा आरमोरीकडचा कुणी धानाचा शेतकरी विचारा. एका साली पाऊसपाणी चांगलं, सगळ्यांनाच एकरी सोळा पोती झाली, आणि याला अठरा. दुसऱ्या साली पावसाने दगा दिला, सगळ्यांना आठ, आणि याला चौदा. अठरा हा आकडा मोठा खरा, पण शहाणपण कोणत्या साली जास्त दिसलं? उत्तर तुम्हीच देऊन टाकलंत.

फुटबॉललाही असे सुकाळ आणि दुष्काळ असतात. १९५४ ची स्वित्झर्लंडमधली स्पर्धा म्हणजे गोलांचा सुकाळ. २६ सामन्यांत १४० गोल; सामन्याला सरासरी ५.४. त्या स्पर्धेत हंगेरीच्या सांडोर कोचिशने पाच सामन्यांत ११ गोल केले. याच्या उलट १९९० ची इटलीतली स्पर्धा. ५२ सामन्यांत ११५ गोल, सरासरी २.२. तिथे इटलीच्या स्किलाचीने सात सामन्यांत ६ गोल केले. नुसते पाहिले तर कोचिशपुढे स्किलाची कुठेच नाही. एकाचे दर सामन्याला २.२, दुसऱ्याचे ०.८६. पण त्या त्या सालच्या सरासरीने भागा. कोचिशचा वाटा येतो ०.४१, आणि स्किलाचीचा ०.३९. दोघे जवळजवळ खांद्याला खांदा लावून उभे! फोंतेनचंही असंच पाहू. १९५८ ची सरासरी होती ३.६, त्याने भागल्यावर त्याचा वाटा ०.६० उरतो. म्हणजे फोंतेन या चाळणीतूनही वरच राहिला. आकड्याची चाळणी खऱ्या मोठेपणाला धक्का लावत नाही, ती फक्त फोलपटं उडवते.

आता तिसरा प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा. गोल केले, ते कोणावर? जिंकलात, ते कोणाशी? यासाठी परदेशी जायला नको. आपल्या भारताच्याच फुटबॉलची गोष्ट पाहू.

१९५६ सालच्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला. ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्ये उपांत्य फेरी गाठणारा तो आशियातला पहिला संघ. प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. आणि त्या संघातला सर्वांत तळपता खेळाडू होता नेव्हिल डिसूझा, जन्माने गोव्याच्या आसगावचा आणि खेळाने मुंबईचा. १ डिसेंबर १९५६ रोजी यजमान ऑस्ट्रेलियाला भारताने ४-२ असे हरवले. त्यांतले तीन गोल एकट्या नेव्हिलचे. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोल भारताचाच, आणि तोही नेव्हिलचा. मग मात्र युगोस्लाव्हियाने चार गोल चढवले. तिसऱ्या क्रमांकासाठीच्या सामन्यात बल्गेरियाने आपल्याला ३-० असे हरवले. स्पर्धेत नेव्हिलचे चार गोल झाले आणि सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघांत त्याचे नाव लागले.

त्यानंतर चार वर्षांनी, १९६० साली रोमला भारतीय संघ पुन्हा ऑलिंपिक खेळला. कर्णधार पी. के. बॅनर्जी. संघ गटात शेवटचा आला आणि पहिल्याच फेरीत बाहेर पडला.

एक संघ चौथा, दुसरा गटात तळाला. कोणता चांगला? झटकन उत्तर येतं, छप्पनचा. जरा थांबा, आणि दोघांचे आकडे शेजारीशेजारी मांडा. मेलबर्नला पहिल्या फेरीत भारताची गाठ हंगेरीशी होती; पण हंगेरीचा फुटबॉल संघ स्पर्धेत उतरलाच नाही, आणि भारताला पुढे चाल मिळाली. त्या वर्षी एकूण संघच अकरा उरले होते. भारत तीन सामने खेळला, एक जिंकला, दोन हरला. गोल केले ५, खाल्ले ९. रोमलाही सामने तीनच. हंगेरीकडून १-२ अशी हार. फ्रान्सशी १-१ अशी बरोबरी, तीही भारत आघाडीवर असताना सामना संपत आल्यावर फ्रान्सने साधलेली. आणि पेरूकडून १-३ अशी हार. गोल केले ३, खाल्ले ६. म्हणजे गोलांचा तोटा छप्पन साली चार, आणि साठ साली तीन. शिवाय ज्या हंगेरीशी एका गोलाच्या फरकाने हरलो, त्या हंगेरीने पुढे रोमचे कांस्यपदक नेले. गटातून पुढे जाणारा संघही एकच. छप्पनला जी हंगेरी वाटेतून आपोआप दूर झाली, तीच साठला पहिल्या सामन्यात समोर उभी!

यावरून छप्पनच्या संघाचं मोल कमी होतं, असं मुळीच नाही. ऑस्ट्रेलियाला त्यांच्याच मैदानावर चार गोल मारणं, हे कुणी दान दिलेलं नव्हतं. सांगायचं ते इतकंच की "चौथा" आणि "शेवटचा" हे क्रमांक ऐकून आपल्या मनात जेवढं अंतर पडतं, तेवढं अंतर मैदानावर नव्हतं. क्रमांकात सोडतीचा वाटा असतो, पुढे चाल मिळण्याचा वाटा असतो. तो वजा करायला शिकलं पाहिजे.

मग दोन काळांतल्या संघांची तुलना करायची कशी? एक जुनी युक्ती आहे. धान्य मोजायला पायली एकच हवी. दोघांनाही एकाच प्रतिस्पर्ध्याशी मोजा. १९५२ साली हेलसिंकीला भारत युगोस्लाव्हियाकडून १-१० असा हरला होता; आपले बरेच खेळाडू तेव्हा अनवाणी खेळत. १९५६ साली त्याच देशाकडून हार झाली ती १-४ अशी. युगोस्लाव्हियाचा संघ चार वर्षांत तसाच राहिला नसणार, पण दोन्ही वेळा त्या देशाने रौप्यपदक मिळवले. म्हणजे पायली साधारण तीच. नऊ गोलांचा फरक तिनावर आला. चौथ्या क्रमांकापेक्षा हा आकडा भारताच्या प्रगतीचा खरा साक्षीदार आहे.

मापाबरोबर खेळाची जातही पाहावी लागते. आपल्या शेजारी नागपूरला हिस्लॉप महाविद्यालयाचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ साली झोपडपट्टीतल्या मुलांसाठी फुटबॉल सुरू केला. तिथून मुलं बेघरांच्या जागतिक फुटबॉल स्पर्धेपर्यंत पोहोचली. त्या स्पर्धेत मैदान लहान, एका वेळी चार-चार खेळाडू, आणि सात-सात मिनिटांचे दोन डाव. तिथे एका सामन्यात दहा-दहा गोल सहज होतात. तिथल्या मुलाचे गोल आणि अकरा जणांच्या नव्वद मिनिटांच्या सामन्यातले गोल एका वहीत लिहून बेरीज केली, तर दोघांवरही अन्याय होईल. त्या मुलाची तुलना त्याच स्पर्धेतल्या दुसऱ्या मुलाशीच शोभते.

चौथा प्रश्न. सामने किती? पेलेचा दर सामन्याला गोलाचा वाटा ०.८६ आला. आपल्या नेव्हिलचा मेलबर्नचा? तीन सामन्यांत चार, म्हणजे १.३३. मग नेव्हिल पेलेपेक्षा मोठा? आपल्याला कितीही अभिमान असला तरी असं कुणी म्हणणार नाही. स्पर्धा वेगळ्या, प्रतिस्पर्धी वेगळे, हे तर आहेच. पण मुख्य अडचण अशी की तीन सामने म्हणजे फार थोडे. एका दिवशी पाय चांगला चालला, तीन गोल झाले, की सरासरी आभाळाला लागते.

संख्याशास्त्रात यावर एक उपाय आहे, आणि तो इतका साधा आहे की पाटीवर करता येतो. प्रत्येक खेळाडूच्या हिशेबात काही मधल्या दर्जाचे सामने आपल्या पदरचे मिळवायचे. समजा, चांगल्या आघाडीच्या खेळाडूचे पाच सामन्यांत दोन गोल, असं आपण धरलं. ते सर्वांच्या खात्यात जमा करू. नेव्हिलचे आठ सामन्यांत सहा गोल झाले, म्हणजे ०.७५. पेलेचे एकोणीस सामन्यांत चौदा, म्हणजे ०.७४. पाहा, एवढ्यानेच फुगवटा कसा उतरला! पेलेचा आकडा थोडाच हलला, कारण त्याच्यामागे चौदा सामन्यांचं वजन होतं. नेव्हिलचा बराच हलला, कारण तीनच होते. आता बरोबरीला आलेल्या या दोघांपैकी कुणासमोर अधिक बळकट बचावफळी होती, हा मघाचा तिसरा प्रश्न विचारा. उत्तर आपोआप पेलेकडे झुकेल. मिळवायचे ते पाचच सामने का, दहा का नाहीत? ते अनुभवाने ठरवायचं. नियम एवढाच की जो आकडा घ्याल, तो सर्वांना सारखा लावायचा.

थोड्या सामन्यांवर भरवसा ठेवला की काय होतं, याची दोन उदाहरणं सांगतो. १९५४ साली हंगेरीने गटात पश्चिम जर्मनीला ८-३ असे झोडपले. अंतिम सामन्यात तेच दोन संघ समोरासमोर आले, आणि जर्मनी ३-२ असा जिंकला. पाच सामन्यांत २७ गोल करणारा हंगेरीचा संघ रिकाम्या हाताने परतला. गटातल्या त्या सामन्यात जर्मनीने आपले कित्येक मुख्य खेळाडू बसवून ठेवले होते, ही गोष्ट ८-३ या आकड्यात कुठे दिसते? दुसरं उदाहरण आपलं. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला २-० असे हरवले. अंतिम सामन्यात त्याच कोरियाला २-१ असे हरवून आपण सुवर्णपदक घेतले. पहिल्या सामन्यावरून पैज लावणारा नक्की बुडाला असता.

आता शेवटचा प्रश्न. आकड्यांत कोण दिसत नाही? बुद्धपौर्णिमेच्या रात्री ताडोबात मचाणावर बसून पाणवठ्यावर येणारी जनावरं मोजतात, हे आपण जाणताच. त्या रात्री जो पाणी प्यायला आला, तो वहीत चढला. जो दुसऱ्या ओढ्यावर गेला, तो जंगलात नाही असं कुणी जाणता वनरक्षक म्हणत नाही. गोलांची यादीही अशीच एका पाणवठ्यावरची नोंद आहे. चेंडू जाळ्यात घालणारा तिथे दिसतो; तो आणून देणारा, आणि आपल्या जाळ्यात जाऊ न देणारा, दिसत नाही.

म्हणून मघाच्या यादीत मॅराडोना खाली गेला होता. पण १९८६ साली मेक्सिकोत अर्जेंटिनाने जे १४ गोल करून चषक जिंकला, त्यांतले ५ त्याने स्वतः केले आणि आणखी ५ गोलांना चेंडू त्याने पुरवला. चौदांपैकी दहांत त्याचा पाय! नुसते गोल मोजणाऱ्याला ही अर्धी कामगिरी दिसणार नाही. आणि जर्नेलसिंगसारख्या बचावपटूचं काय? जकार्ताला त्याच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले. बचावात हवेतला चेंडू डोक्याने परतवणं धोक्याचं, म्हणून रहीमसाहेबांनी त्याला पुढच्या फळीत उभं केलं. त्याने उपांत्य आणि अंतिम अशा दोन्ही सामन्यांत गोल केले. गोलांच्या यादीत त्याचं नाव आहे ते या अपघाताने. पण त्याच्या आयुष्यभराच्या खेळाचा मोठेपणा होता तो न झालेल्या गोलांत, आणि न झालेले गोल कोणी लिहून ठेवत नाही.

आता हे सगळं आपल्या मैदानावर आणू. दिल्लीच्या सुब्रतो चषकासाठी शाळांचे सामने होतात. ती स्पर्धा १९६० पासून चालत आलेली आहे. जिल्ह्याच्या पातळीवर बहुधा हरला तो बाहेर, अशीच रीत. समजा, भामरागडकडून एक मुलींचा संघ दिवसभराचा प्रवास करून आला, सोडतीत पहिलीच गाठ सर्वांत बळकट संघाशी पडली, आणि एका गोलाने हार झाली. संध्याकाळी परतीची गाडी. त्या संघातल्या आघाडीच्या मुलीच्या नावापुढे काय राहिलं? सामना एक, गोल शून्य. दुसऱ्या एका संघाला पुढे चाल मिळाली, मग दुबळा प्रतिस्पर्धी मिळाला, आणि त्यांच्या मुलीच्या नावापुढे चार गोल लागले. निवड करणाऱ्यापुढे कागद येतो तो एवढाच. कागदावर सगळं खरं आहे, आणि तरी त्यावरून निवड केली तर ती चुकण्याचा संभव फार.

म्हणून आमच्या क्रीडाशिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. एक साधी वही करा. तिच्यात गोलांचा रकाना असू द्या, पण तो एकटा नको. किती मिनिटं खेळली, कोणाविरुद्ध खेळली, किती गोलांना चेंडू पुरवला, समोरच्याच्या पायातून किती वेळा चेंडू काढून घेतला, हे चार रकाने शेजारी आखा. राखीव बसलेल्या एखाद्या विद्यार्थ्याला पेन्सिल देऊन बसवलं तर एवढी नोंद सहज होते. त्याचं गणितही सुधारेल. वर्षभर ही वही चालली, की निवडीच्या दिवशी दूरच्या शाळेचा शिक्षकही आपल्या मुलीची बाजू पुराव्यानिशी मांडू शकेल. मग शून्य गोलांशेजारी लिहिलेलं असेल, "विजेत्या संघाविरुद्ध पूर्ण वेळ खेळली, नऊ वेळा चेंडू हिसकावला." त्या शून्याची किंमत मग कोणालाही कळेल.

आणि टपरीवरचा तो वाद? तो खुशाल चालू द्या. पेले, मॅराडोना, मेस्सी यांचा निकाल लावण्याची घाई कुणालाच नाही. फक्त पुढच्या वेळी समोरचा आकडा फेकील, तेव्हा त्याला शांतपणे विचारा, "किती सामन्यांत? कोणत्या साली? कोणावर? आणि चेंडू आणून दिला कोणी?" या चार प्रश्नांना जो उत्तर देईल, त्याच्या चहाचे पैसे तुम्ही द्यायला हरकत नाही.